मुक्काम, बस आणि पायवाट

प्रवासाची आखणी हा विषय व्याख्यानमालेत कसा आला, आणि तो मजूर चळवळीतल्या माणसाच्या वाट्याला कसा आला, असे काही श्रोत्यांस वाटले असेल. कारण साधे आहे. आज आपल्याकडे अशी कितीतरी कुटुंबे आहेत की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडात आहे. आईवडील दोनतीन महिन्यांसाठी तिकडे जातात. मुलगा-सून सकाळी कामावर निघतात, संध्याकाळी दमून परततात. आणि ज्यांनी जन्मभर कारखान्यात, कचेरीत किंवा शाळेत राबून दिवस काढले ती दोन माणसे खिडकीतून पावसाकडे पाहत बसतात. रविवारी मुलाने मोटार काढली तर बाहेर, नाहीतर घरात. आमच्या युनियनमधून निवृत्त झालेले सभासद परत आल्यावर सांगतात, "देश सुंदर आहे हो, पण मोटार नसली की पाय बांधल्यासारखे होतात."

माझे म्हणणे असे की पाय बांधलेले नसतात. बांधलेली असते ती आखणी. मोटारीशिवाय इंग्लंडची खेडी, डोंगर आणि दऱ्या उत्तम पाहता येतात. मात्र त्यासाठी प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवून आधी वेळापत्रक हाती घ्यावे लागते. आपण जायचे कसे हे सगळेच पाहतात. परत यायचे कसे हे जो पाहतो त्याचा प्रवास सुखाचा होतो. पाळीवर काम केलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. दुसरी पाळी सुटल्यावर शेवटची गाडी आहे की नाही, यावरच त्याचे घर कुठे असावे हे ठरत आले आहे. मुक्कामाचे गाव निवडण्याचा नियमही तोच.

सगळे इंग्लंड एका लेखात मावणार नाही. म्हणून मी एकच प्रदेश उदाहरणाला घेतो : मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखानदारी शहरांच्या मधला पीक डिस्ट्रिक्ट. नावातले पीक हे शेतातले नव्हे. डोंगराळ मुलूख असा त्याचा अर्थ घ्यावा. १९५१ साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून याच प्रदेशाची घोषणा झाली. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की वाघ आणि कुंपण आठवते. इथे तसे नाही. या उद्यानात गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्या आहेत, शाळा आहेत, आणि माणसे नांदती आहेत.

बस का नाही, हे आधी समजून घ्या

नकाशावर गाव दिसले म्हणजे तिथे गाडी जाते असे आपण धरून चालतो. आपल्याकडे एसटीने तशी सवय लावली आहे. इंग्लंडात हा समज सोडून द्यावा, आणि त्याला इतिहास आहे.

एके काळी तिथे खेडोपाडी आगगाडी जात असे. १९४८ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे मोटारी वाढल्या, तोटा वाढला, आणि १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करावीत, असे त्यात सुचवले होते. सगळीच बंद झाली नाहीत, पण पुष्कळ झाली. पीक डिस्ट्रिक्टच्या मध्यावर बेकवेल म्हणून बाजाराचे टुमदार गाव आहे. तिथले स्टेशन १९६७ साली बंद झाले आणि पुढच्या वर्षी त्या मार्गावरून उतारूंची वाहतूकच थांबली.

आगगाडी गेली तरी बस होती. परंतु १९८५ च्या वाहतूक कायद्याने लंडनबाहेरची बसवाहतूक खुल्या स्पर्धेवर सोडली आणि १९८६ च्या ऑक्टोबरपासून तो अंमलात आला. तेव्हापासून ज्या मार्गावर नफा तो मार्ग कंपनी चालवते. ज्यावर नफा नाही तो स्थानिक कौन्सिलने पैसे दिले तरच चालतो. कौन्सिलच्या तिजोरीला ओढ लागली की पहिली कुऱ्हाड रविवारच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांवर पडते. बेकवेलजवळच्या बाझ्लो गावात १९२१ पासून चाललेली एक बस कंपनी २०२५ च्या मार्च महिन्यात बंद पडली. तिचे कित्येक मार्ग दुसऱ्यांनी उचलले, पण वेळा बदलल्या. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या पाहुण्याचे वेळापत्रक घेऊन निघू नका. निघण्याच्या आठवड्यातले घ्या, आणि त्यात शनिवार व रविवार यांचे रकाने वेगळे वाचा.

उलट दिशेनेही वारे वाहू लागले आहे. मँचेस्टर व आसपासच्या भागात २०२३ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व बसमार्ग सार्वजनिक नियंत्रणाखाली आणण्यात आले. परंतु डोंगरातल्या गावाला याचा लाभ होईपर्यंत आपण आहे त्या वेळापत्रकावर चालायचे.

मुक्काम कुठे करावा

रोज नव्या गावी मुक्काम हलवण्याचा मोह टाळावा. रोज बोचकी बांधायची, रोज नवी खोली शोधायची, यात म्हाताऱ्या माणसांचा अर्धा दिवस जातो. एका ठिकाणी सहासात दिवस राहून रोज निराळ्या दिशेला जावे आणि संध्याकाळी परत यावे. ही युक्ती इंग्लंडच्या कामगारांचीच आहे. लँकेशायरच्या कोल्न या गिरणगावातले लेनर्ड नावाचे धर्मोपदेशक १८९१ साली आपल्या मंडळींना घेऊन अँबलसाइडला गेले. त्यातून १८९३ मध्ये सहकारी सुट्टी संघ उभा राहिला. साधे घर, एकत्र जेवण, आणि रोज एक पायी सफर, हा त्याचा शिरस्ता होता.

मुक्कामाचे गाव निवडताना चार प्रश्न विचारावेत. राहण्याच्या जागेपासून स्टेशन पायी गाठता येते काय? स्टेशनाखेरीज बसचाही मार्ग आहे काय, म्हणजे एक चुकले तर दुसरे? संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता, आणि रविवारी ती आहे काय? आणि गावात वाणसामानाचे दुकान आहे काय? या चारांतल्या तिघांना होकार मिळाला तर गाव चालेल. केवळ फोटो सुंदर म्हणून गाव घेऊ नये.

आता ही कसोटी लावून पाहू. शेफील्ड हे मोठे शहर. लंडनहून आगगाडीने सुमारे दोन तास. जागा स्वस्त, दुकाने भरपूर, चारी दिशांना गाड्या. पण सकाळी उठून समोर डोंगर दिसत नाही. बक्स्टन हे मँचेस्टरहून येणाऱ्या मार्गाचे शेवटचे स्टेशन. मँचेस्टरहून सुमारे एक तास. गाव जुने, झऱ्याच्या पाण्यासाठी प्रसिद्ध, बसही बऱ्याच. पण आगगाडी एकाच दिशेची. बेकवेल दिसायला सर्वांत गोजिरे, सोमवारचा बाजार भरतो. पण तिथे आता फक्त बस. चौथे गाव हॅदरसेज. मँचेस्टर ते शेफील्ड असा जो होप व्हॅलीचा लोहमार्ग जातो, त्यावरचे हे लहान स्टेशन. शेफील्डहून अवघ्या वीसेक मिनिटांवर. शेफील्ड ते कॅसलटन ही बसही याच गावावरून जाते. म्हणजे आगगाडी दोन्ही दिशांना आणि वर बस. दुकाने आहेत, डोंगर दारात आहे. शार्लट ब्राँटी १८४५ साली इथे येऊन राहिली होती आणि तिच्या 'जेन एअर' मधले मॉर्टन हे गाव याच गावावरून घेतले आहे, असे मानतात.

माझा कौल हॅदरसेजला. आणि खिशाला ओढ असेल तर शेफील्डला. शेफील्डला राहून रोज सकाळी याच मार्गाने डोंगरात येता येते.

जागा घेताना एवढे लक्षात ठेवावे. स्वयंपाकघरासहित घर मिळते, ते बहुधा आठवड्याच्या कराराने आणि शुक्रवार-शनिवारपासून. शाकाहारी आणि पथ्यपाण्याच्या माणसांना ते सोयीचे. भाताचा कुकर लावून निघाले की संध्याकाळची चिंता नाही. खोली आणि सकाळची न्याहारी अशी सोय घरगुती ठिकाणी मिळते. तिथे रात्रीचे जेवण नसते. गावातल्या पबमध्ये जेवण मिळते, पण त्यांचे स्वयंपाकघर दुपारी आणि रात्री लवकर बंद होते. मोठी दुकाने रविवारी कायद्याने सहाच तास उघडी असतात. म्हणून शनिवारीच सामान भरावे. वसतिगृहांची संघटना १९३० सालापासून आहे आणि तिथे आता वयाची अट नाही.

मोटार नसल्याचा फायदा

मोटारवाल्याला एक मोठी अडचण असते, ती त्याच्या लक्षातच येत नाही. जिथे मोटार उभी केली तिथेच त्याला परत यावे लागते. त्याची प्रत्येक सफर गोल. ज्याला मोटार नाही तो एका दरीत उतरतो, खिंड ओलांडतो आणि दुसऱ्या दरीतून बसने घरी येतो.

उदाहरण घ्या. हॅदरसेजहून मँचेस्टरच्या दिशेने तिसरे स्टेशन एडेल. तिथून होलिन्स क्रॉस या खिंडीवर पायवाट चढते. चढ सुमारे दीडशे मीटरचा. सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही. वर उजव्या हाताला माम टॉर हा ५१७ मीटरचा डोंगर. खाली उतरले की कॅसलटन. सगळे चालणे चारपाच किलोमीटर. कॅसलटनला गुहा पाहावी, चहा घ्यावा आणि बसने हॅदरसेजला यावे.

ही वाट हौसेसाठी पडलेली नाही. एडेलला अठराव्या शतकाच्या अखेरीस कापसाची गिरणी निघाली, तेव्हा कॅसलटनच्या बाया रोज ही खिंड ओलांडून कामावर जात. त्याआधी, एडेलला स्वतःचे चर्च नव्हते तेव्हा, प्रेते पुरण्यासाठी याच वाटेने होप गावाला नेत. आज आपण जिथे हवा खायला जातो तिथून कुणी पोटासाठी चालत गेले होते, हे ध्यानात ठेवून चालावे. माम टॉरच्या पायथ्याचा मोटाररस्ता मात्र डोंगर खचत राहिल्यामुळे १९७९ साली कायमचा बंद झाला. डांबराचे मोडलेले थर आजही दिसतात. पायवाट चालूच आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सार्वजनिक हक्काच्या वाटा सुमारे एक लाख चाळीस हजार मैल आहेत. शेतातून जाणारी वाटही हक्काची असेल तर शेतकरी अडवू शकत नाही. आपण मात्र फाटक उघडले तर लावून घ्यावे आणि वसंतात कोकरे असतात तेव्हा जपून जावे. सरकारी मोजणी खात्याच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. हा नकाशा विकत घ्यावा. डोंगरात फोन चालेलच असे नाही.

वेळेचा हिशोब नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिला आहे. पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. साठी ओलांडलेल्यांनी तो सरळ दुप्पट करावा. मग शेवटच्या बसच्या वेळेतून तेवढे तास आणि वर एक तास वजा करावा. जी वेळ येईल तीच निघण्याची वेळ.

आठवड्याचा आराखडा

शनिवारी पोहोचावे, रविवारी गावातच फिरावे, कारण त्या दिवशी गाड्या कमी. जवळच स्टॅनेज एज ही वालुकाश्माच्या कड्यांची लांबच लांब रांग आहे. सोमवारी शेफील्डमार्गे बसने बेकवेलचा बाजार, आणि तिथून मॉन्सल ट्रेल. जो लोहमार्ग १९६८ साली बंद झाला, त्याच्याच पट्टीवर आता साडेआठ मैलांची सपाट वाट आहे. जुने बोगदेही २०११ पासून पायी जाणाऱ्यांस आणि सायकलवाल्यांस खुले झाले आहेत. गुडघे दुखणाऱ्याने हीच वाट घ्यावी. मंगळवारी एडेल ते कॅसलटन. बुधवारी बॅमफर्ड स्टेशनावर उतरून लेडीबोअरचे धरण पाहावे. १९४५ साली त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच्या पाण्याखाली डरवेंट व ॲशॉपटन ही दोन गावे गेली. कोयनाकाठच्या माणसाला ते पाणी पाहून काय वाटेल, हे मी सांगायला नको.

गुरुवार क्रॉमफर्डसाठी ठेवावा. शेफील्डहून डर्बी आणि तिथून मॅटलॉकच्या फाट्यावर क्रॉमफर्ड. १७७१ साली आर्कराइटने पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी इथे उभारली. मुंबईची पहिली कापड गिरणी काढायची कंपनी दावर यांनी १८५४ साली स्थापली. त्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांची घरे चालली त्यांनी हा मूळ झरा अवश्य पाहावा. शुक्रवार मोकळा. कारण एक दिवस पाऊस खाणारच, आणि तो कोणता हे वेळापत्रकात लिहिलेले नसते.

खर्च, ऋतू आणि मोटारीचा प्रश्न

लंडनहून येण्याचे लांब पल्ल्याचे तिकीट आधी काढले तर पुष्कळ स्वस्त पडते. मात्र ते ठरलेल्या गाडीलाच चालते. जवळच्या स्टेशनांसाठी घाई नको. सकाळची कामावर जाणाऱ्यांची गर्दी टळल्यावरचे परतीचे तिकीट घ्यावे. साठ वर्षांवरील माणसांना ज्येष्ठांचे रेलकार्ड मिळते आणि तिकिटात एक-तृतीयांश सूट पडते. पाहुण्यांनाही ते घेता येते. बसचा मोफत पास मात्र तिथल्या रहिवाशांनाच. बसच्या एकेरी भाड्याला सरकारने २०२३ साली दोन पौंडांची मर्यादा घातली आणि २०२५ च्या जानेवारीत ती तीन पौंडांची केली. ही योजना मुदतीची आहे. जाण्यापूर्वी चौकशी करावी.

जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. मे-जून हा उत्तम काळ. जुलैअखेर ते सप्टेंबरारंभ शाळांच्या सुट्ट्यांमुळे जागा महाग. नाताळाच्या दिवशी आगगाड्या धावत नाहीत. रेल्वे कामगारांचा संप असेल तर त्याची नोटीस आधी द्यावी लागते, त्यामुळे तो दिवस अगोदर कळतो. त्या दिवशी गावातच फिरावे, रागावू नये.

मोटार कधी घ्यावी? चौघे असाल, कुणाला चालणे जमत नसेल, किंवा गाव खरोखरच आडवाटेला असेल तर जरूर घ्यावी. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात आणि आपल्या परवान्यावर पाहुण्याला बारा महिन्यांपर्यंत चालवता येते. परंतु दगडी भिंतींमधले अरुंद रस्ते आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरून जाणारे मोटारतळ यांचा विचार करावा. सगळा आठवडा मोटार ठेवण्यापेक्षा एखाद्या दिवसापुरती घेणे शहाणपणाचे.

वाट कुणी मोकळी केली

शेवटी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून हा विषय अपुरा राहील. एडेलच्या डोक्यावर किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कामगारांना ते आपापल्या शहराच्या वेशीवरून जवळ. पण शिकारीसाठी राखलेले, सबब बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड गावाकडून सुमारे चारशे तरुण कामगार बंदी मोडून वर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघ्या वीस वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली. १९३८ साली भरपगारी रजेचा कायदा झाला, १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क मिळाला. ज्या ड्यूकच्या घराण्याची ती जमीन होती, त्या घराण्याच्या अकराव्या ड्यूकने २००२ साली जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली.

तो २४ एप्रिल रविवार होता. कामगाराला दुसरा दिवस नव्हताच. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवार मिळाला, तो असाच झगडून. आणि आज इंग्लंडच्या खेड्यात ज्या दिवशी बस सर्वांत कमी, तो दिवस रविवारच. सुट्टी मिळाली, वाट मोकळी झाली, पण वाटेपर्यंत नेणारी गाडी नसेल तर हक्क कागदावर राहतो. म्हणून त्या रविवारच्या बसमध्ये जे चार उतारू बसतात ते केवळ सहल करीत नसतात. ती बस उद्या चालू ठेवण्याला त्यांच्या तिकिटाचा आधार असतो.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाकडे जाल तेव्हा त्याच्या मोटारीची वाट पाहत बसू नका. वेळापत्रक मागून घ्या, शेवटच्या गाडीवर खूण करा, डबा भरा आणि निघा. उतरताना बसच्या ड्रायव्हरचे आभार मानण्याची तिकडे रीत आहे. ती पाळायला विसरू नका. तोही कुणाच्या तरी युनियनचा सभासद असायचा.